एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर

३ जून

चि. खारूताई,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि तुझं लक्ष भलतीकडे असतं. पत्र वाचताना निदान डोळे तरी कागदावर ठेवावे लागतात.

आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात मुख्य तपासनिसाची जागा अखेर भरायची ठरली. आधीचे तपासनीस निवृत्त झाल्यापासून त्यांचं काम कोण करतं, हे तुला माहीत आहे. काटा सोनाराचा असो की गोदामातला, माझ्या हाताखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. पण शेवटी शिशाचं सील दाबलं की त्यावर चिन्ह उमटतं त्या निवृत्त गृहस्थांचं. ते घरी बसून कुंड्यांना पाणी घालतात आणि इथे माझी मेहनत त्यांच्या नावावर खपते. मला पगार वाढवून नको आहे. मला सीलवर माझं चिन्ह हवं आहे. एवढंच.

आजवर पदवी नाही म्हणून माझा अर्जच घेत नव्हते. आता एचआरच्या नव्या बाईंनी पदवीची अट काढली आणि तिच्या जागी 'व्यक्तिमत्त्व चाचणी' घातली. चाचणी बाहेरची संस्था घेणार. कागदावर नाव नाही, नुसता क्रमांक.

उमेदवार दोन. एक मी आणि दुसरा माझा मदतनीस हसऱ्या. तुला आठवत असेल, पायावर पाच किलोचं वजन पडलं तरी हसणारा तो. एकाच उमेदवारातून निवड कशी करायची, म्हणून बाईंनी त्याला धरून आणून बसवला आहे. 'काय रे, तुला व्हायचंय का मुख्य तपासनीस?' असं विचारलं, तर हसला.

मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण जो विषय हाती घेतला तो मुळापासून घेतला. घड्याळं घेतली, फोटोग्राफी घेतली, मधमाश्या घेतल्या. (मधमाश्यांबद्दल तुझ्या मामीचं मत वेगळं आहे.) तू मानसशास्त्र शिकलीस, त्यातच नोकरी करतेस. तुझी पुस्तकं पाठव. सोपं करून काही पाठवू नकोस.

तुझा मामा

११ जून

मामा,

नमस्कार. तुम्ही शाई वाचवता, मी वेळ वाचवते, म्हणून नमस्कार एकच पण वाकून.

माझं कॉलेजचं जाड पुस्तक पाठवतेय. कोपरे मी तेव्हा चावून ठेवले आहेत, त्याबद्दल ओरडू नका. तुम्हीच मला खारूताई नाव ठेवलंत.

एक मात्र ऐका. ही परीक्षा नाही. तिथे बरोबर उत्तर नसतं, तुमचं उत्तर असतं. अभ्यास करून व्यक्तिमत्त्व चाचणीला बसणं म्हणजे खिशात दगड भरून वजनकाट्यावर उभं राहणं. पुस्तक कुतूहल म्हणून वाचा आणि त्या दिवशी आहे ते लिहून या.

आमच्या ऑफिसात असे कागद ढिगांनी येतात. बऱ्याच ठिकाणचे, सगळे क्रमांकाचे, वर फक्त कामाचा प्रकार लिहिलेला. तुमचा कागद आमच्याकडे आला तरी मला कळायचा नाही. कळलाच तर मी त्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

आईला तुमच्या चाचणीचं सांगितलं. ती म्हणाली, "त्याचा स्वभाव तपासायला बाहेरची संस्था कशाला? मला विचारा म्हणावं, फुकट सांगते." मी म्हटलं, आई, जवळच्या माणसाला विचारणं ही सुद्धा एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. तेव्हापासून ती फारच खूश आहे.

तुमची,
खारूताई

२४ जून

चि. खारूताई,

पुस्तक वाचून संपवलं. पहिल्यांदा तक्रार. पान २११ ते २३८ गायब आहेत. थेट दोनशे एकोणचाळीसवर उडी. बाइंडिंगवाल्याचा हलगर्जीपणा, दुसरं काय! प्रकाशकाला पत्र टाकलं आहे.

आता विषयाकडे. माणसानं माणसाला ओळखायच्या भानगडीत किती खटाटोप केला आहे! आधी म्हणे शरीरात चार द्रव, रक्त जास्त असलं की आनंदी, पित्त जास्त असलं की तापट. मग कोणी म्हणालं, सगळं अबोध मनात दडलेलं असतं, वर दिसतो तो नुसता फेस. मग शाईचे डाग दाखवून 'यात काय दिसतं' विचारणारे आले. मी इथे हसऱ्याला तेलाचा डाग दाखवून विचारलं. तो म्हणाला, "तेल सांडलंय, उस्ताद. पुसू का?" या माणसाला अबोध मन नाही अशी माझी खात्री झाली आहे.

मला पटला तो शब्दकोशवाल्यांचा मार्ग. स्वभावाचे सगळे शब्द कोशातून गोळा करायचे, कोणते शब्द एकमेकांच्या सोबतीनं येतात ते मोजायचं आणि शेवटी पाच ढीग करायचे. नव्याची ओढ, काटेकोरपणा, माणसांत मिसळणं, सौम्यपणा आणि मनाची अस्थिरता. हे आमच्या धंद्यासारखं आहे. मी लगेच आपल्या भाषेत करून पाहिलं. खडूस, तुसडा, घुम्या, चेंगट, भोचक, लोचट, आगाऊ, कजाग, हेकट, आतल्या गाठीचा… वाईट शब्दांनी पान भरलं. चांगले आठवेनात. तुझ्या मामीला विचारलं, तर म्हणाली, "वापरात नसले की विसरायला होतं."

शिवाय एक पंथ असा की, स्वभाव वगैरे काही नसतोच, माणूस प्रसंगाप्रमाणे वागतो. हे प्रकरण मी सोडून दिलं. मी सगळ्या प्रसंगांत सारखाच वागतो, घरातल्या कोणालाही विचार.

मुद्दा असा. पुस्तकात शेवटी दिलंय की जबाबदारीच्या जागेला काटेकोरपणा वरचा, सौम्यपणा पुरेसा आणि अस्थिरता कमी लागते. म्हणजे त्या जागेचं माप ठरलेलं आहे. माप ठरलेलं असलं की काटा त्या मापाला लावून घेता येतो. मी रोज सकाळी आरशासमोर सराव करतोय. मामी म्हणते, मी काल दूधवाल्याला 'हरकत नाही' म्हणालो, तेव्हा तो घाबरला.

फक्त एवढं सांग, सौम्यपणा 'पुरेसा' म्हणजे नेमका किती?

तुझा मामा

३० जून

मामा,

नाही सांगणार. सांगितलं तर माझी नोकरी जाईल आणि तुमचं काहीही भलं होणार नाही.

आदर्श होऊ नका. हात जोडून सांगते. तुम्ही जसे आहात तसेच त्या जागेला लागता.

पानांबद्दल नंतर बोलू. प्रकाशकाला दुसरं पत्र टाकू नका.

खारूताई

९ जुलै

चि. खारूताई,

काल चाचणी झाली. कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत टेबलं पुसून घेतली होती. (गोल गोल पुसली होती, ओल तशीच.) एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हसऱ्या, मध्ये एचआरच्या बाई. सुरुवातीला बाई म्हणाल्या, "मुख्य तपासनीस म्हणून स्वतःला डोळ्यांसमोर आणा आणि मनात येईल ते लिहा." मला आणायला वेळ लागला नाही. मी महिनाभर आणतोच आहे.

विधानांपुढे 'नेहमी' पासून 'कधीच नाही' पर्यंत खुणा करायच्या. पुढे काही अर्धी वाक्यं पूर्ण करायची. मी एकही उत्तर खोडलं नाही. एका ठिकाणी छपाईची चूक होती, ती दाखवायचा मोह झाला, पण सौम्यपणा पुरेसा राखून गप्प बसलो.

काही प्रश्न तर लहान मुलांसाठी असावेत असे. 'मी आजवर कोणाच्या पाठीमागे वाईट बोललो नाही.' मी खूण केली, बरोबर. 'मी दिलेली वेळ एकदाही चुकवली नाही.' बरोबर. एकतिसावा प्रश्न होता, 'कोणी माझी चूक दाखवली की मला राग येतो.' मी 'कधीच नाही' वर अशी ठसठशीत खूण केली की मागच्या पानावर उमटली.

हसऱ्याचं मात्र कठीण दिसत होतं. बिचारा पेन चावत छताकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग मान डोलावून लिहायचा. माझ्याकडे बघून काय मिळणार? मी हातानं कागद झाकून बसलो होतो.

निकाल महिन्याभरात.

तुझा मामा

२२ जुलै

मामा,

हे पत्र वाचून फाडून टाका. मी लिहू नये ते लिहितेय, पण राहवत नाही.

तुमचा कागद आमच्याकडेच आला. मी ओळखला! गठ्ठ्यात 'तपासणीचं काम' असं लिहिलेले काही कागद होते. एक उचलला, अर्धी वाक्यं वाचायला लागले आणि हातातला चहा थंड झाला.

'मला सर्वांत जास्त राग येतो, जेव्हा…' याच्यापुढे लिहिलं होतं, 'काटा पुसताना कोणी फडकं गोल फिरवतं. फडकं एकाच दिशेनं न्यायचं असतं.' मामा, मी आठ वर्षांची असताना तुमचा छोटा काटा गोल पुसला होता, तेव्हा तुम्ही जे ओरडला होतात ते अजून माझ्या कानात आहे. दुसरं कोण लिहिणार हे!

'लोक माझ्याबद्दल म्हणतात…' पुढे, 'की मी खडूस आहे. पण मी पास केलेला काटा परत येत नाही.' चूक दाखवल्यावर राग येतो का, तर 'नेहमी'. आणि बाजूला, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, एक जादा ओळ, 'पण मी ती पुन्हा तपासून बघतो.' आणि मग हे: 'मला मनापासून आनंद होतो, जेव्हा हाताखालचा माणूस न सांगता बरोबर करतो. पण मी त्याला तसं सांगत नाही.'

मी डोळे पुसले आणि नियमाप्रमाणे तो कागद तसाच आमच्या मोठ्या बाईंकडे दिला. म्हटलं, मी यांना ओळखते, तुम्ही बघा. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "असा माणूस मिळाला तर मीच ठेवून घेईन." ऐकलंत? आणि तुम्ही आदर्श व्हायला निघाला होतात!

त्या पानांचं आता सांगते. बाइंडिंगवाला निर्दोष आहे, ती पानं मी काढली होती. त्या प्रकरणात खोटं पकडणाऱ्या प्रश्नांची माहिती होती. प्रत्येक चाचणीत असे काही प्रश्न पेरलेले असतात, की ज्यांना खरा माणूस 'बरोबर' म्हणूच शकत नाही. कोणाच्या पाठीमागे वाईट बोललो नाही, कधी वेळ चुकवली नाही, असले. तुम्ही मागच्या पत्रात त्यांना 'बरोबर' म्हटल्याचं लिहिलंत, तेव्हा मी घाबरलेच होते. पण ती तुमची नेहमीची फुशारकी निघाली. कागदावर तुम्ही खरं तेच लिहिलंत.

गंमत म्हणजे त्याच गठ्ठ्यात एक संत सापडले. साक्षात संत! कधी राग नाही, कधी उशीर नाही, कोणाबद्दल वाकडा शब्द नाही. 'मला राग येतो, तेव्हा…' पुढे लिहिलंय, 'मी शांतपणे त्याच्या कारणांचा विचार करतो.' खोट्याची पट्टी अशी भरली की वर जागा उरली नाही. त्यांचा अहवाल मी लिहिला: 'उमेदवार स्वतःला आहे त्यापेक्षा चांगला दाखवतो. या उत्तरांवर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये.' ऑफिसात दिवसभर त्यांना महाराज म्हणत होतो.

तुमची (रडून आणि हसून दमलेली),
खारूताई

२७ जुलै

चि. खारूताई,

पत्र मिळालं. सांगितल्याप्रमाणे फाडलं.

तुझा तो 'संत' म्हणून जो कोणी आहे, त्याच्याबद्दल तू घाई केलीस असं वाटतं. एखादा माणूस खरोखरच वेळ पाळत असेल. काही माणसं पाळतात. माझं उदाहरण घे. एखादा खरोखरच कारणांचा विचार करत असेल. तसा करावा असं त्याला वाटत असेल. तुमच्या पट्टीत तशा माणसासाठी खूण नाही, हा पट्टीचा दोष. ऑफिसात दिवसभर हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही.

अहवाल एकदा गेला की परत मागवता येतो का? सहज विचारतो.

आणि त्या दुसऱ्या कागदावर अक्षर कसं होतं? उजवीकडे झुकलेलं होतं का? तेही सहजच.

तुझा मामा

२ ऑगस्ट

मामा,

अहवाल गेला की गेला. आणि उत्तरं आमच्याकडे टाइप होऊन येतात, अक्षर कुठून दिसणार? तुम्ही स्वतःचंच अक्षर मला विचारताय, तेव्हा निकालाची धाकधूक फारच झालेली दिसते.

आणि त्या महाराजांचा एवढा कैवार? मामा, तुम्ही! दूधवाल्याच्या मापाला बोटभर फरक पडला तर रस्त्यात उभं करणारे तुम्ही! चांगली बातमी जवळ आली की माणूस मऊ होतो असं आई म्हणते. तिनं तुमच्यासाठी शर्टाचं कापड घेऊन ठेवलंय. नवीन चिन्ह काय ठरवलंत ते कळवा.

खारूताई

१४ ऑगस्ट

चि. खारूताई,

निकाल लागला. मुख्य तपासनीस हसऱ्या झाला.

ताईला सांग, कापड परत देता आलं तर बघ. दुकानदारानं नाहीच घेतलं तर हसऱ्याला होईल, अंगानं आम्ही सारखे आहोत.

आता उरलेलं. तुझे महाराज मीच. ज्या वाक्यात तू मला उडवलंस ते वाक्य, एवढं मात्र म्हणेन, व्यवस्थित रचलेलं आहे. त्यातला एकही शब्द कमी करता येत नाही. मी प्रयत्न केला.

मग तो दुसरा कागद कोणाचा, हे मला तुझं पत्र वाचल्यापासून छळत होतं. फडक्याचं वाक्य मी लिहिलेलं नव्हतं, पण ते माझं होतं. परवा सुट्टीच्या दिवशी दुपारी हसऱ्या घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले नाहीत.

"उस्ताद, एक सांगायचंय. रागावणार नाही ना?"

"ते सांगितल्यावर ठरेल."

"तो पेपर मी माझा नाही लिहिला."

"मग कोणाचा लिहिलास?"

"तुमचा."

मामीनं आतून भांड्यांचा आवाज बंद केला.

"बाई म्हणाल्या ना, मुख्य तपासनीस म्हणून स्वतःला डोळ्यांसमोर आणा," तो म्हणाला. "मी आणायला गेलो. मी काही येईना. दर वेळी तुम्हीच येऊन उभे राहायचे. मग म्हटलं, ठीक आहे, उस्ताद काय म्हणतील ते लिहू. नाही तरी जागा तुमचीच होती. मला काय, हजेरी लावायची होती."

"म्हणजे मी खडूस आहे?"

"लोक म्हणतात असं लिहिलंय, उस्ताद. मी म्हणतो असं नाही लिहिलं."

"तू काय म्हणतोस?"

हसला. लगेच आवरलं.

मामी बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, म्हणजे पास तर तुम्हीच झालात! आणि नापासही तुम्हीच!" एवढ्या दोन वाक्यांत तिनं सगळा निकाल आटोपला आणि चहा टाकायला गेली.

हसऱ्या म्हणाला, "मी बाईंना सांगून टाकतो सगळं." मी म्हटलं, थांब. का थांब म्हटलं ते अजून मला माहीत नाही. तू यावर काही करायच्या आधी मला कळव.

तुझा मामा

२० ऑगस्ट

मामा,

आधी कळवायचं होतं, पण पत्र हातात घेऊन मी थेट मोठ्या बाईंच्या केबिनमध्येच गेले. माझ्या सख्ख्या मामाला मी महाराज म्हणून दिवसभर हसले. त्याच हातानं नापास केलं. आणि ज्यानं तुम्हाला इतकं नीट पाहिलंय, त्याचा कागद वाचून 'मी यांना ओळखते' म्हणाले. ओळखलं ते बरोबरच होतं, एवढंच माझं समाधान.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. (गोल.) म्हणाल्या, "चाचणीनं त्या जागेला हवा तो स्वभाव निवडला की नाही? निवडला. तो कोणाच्या अंगात आहे, हा पुढचा प्रश्न." मग मात्र त्यांनी तुमच्या कारखान्याला रीतसर कळवलं. एचआरच्या बाईंचं उत्तर आलं: दोघांपैकी कोणीही एकानं सप्टेंबरअखेर लेखी मागणी केली, तर दोघांची चाचणी पुन्हा होईल, नव्या प्रश्नांची. कोणीच मागितली नाही तर नेमणूक कायम.

मला उमेदवाराशी पत्रव्यवहार केल्याबद्दल अहवालांपासून दूर ठेवलंय. सध्या कागदांना टाचण्या लावते. सरळ लावते.

मामा, अर्ज करा. या वेळी पुस्तक न वाचता जा आणि तुम्ही जसे आहात तसे लिहून या. तुमचं चिन्ह सीलवर येईल. आई म्हणते, "त्याला सांग, एकदाच खरं बोल, मग पुन्हा हवं तसं वाग."

खारूताई

१८ सप्टेंबर

चि. खारूताई,

तुझं पत्र आल्यावर लगेच अर्ज लिहायला बसलो. कच्चा झाला, तो सुधारला, मग पक्का केला, मग पक्क्यात एक शब्द सैल वाटला. 'माझ्या कामातील अचूकता सर्वश्रुत आहे' असं एक वाक्य होतं. त्यातलं 'सर्वश्रुत' बदलून 'निर्विवाद' करावं की काय, हे मी कारखान्यात काम करता करता मनात घोळवत होतो.

इकडे हसऱ्यानं सील हातात घेतलं होतं. पहिले दिवस तो दर काटा माझ्याकडे घेऊन यायचा. "उस्ताद, बघता का?" मी हाताची घडी घालून म्हणायचो, "मुख्य तपासनीस तू आहेस." बघू दे म्हटलं, कळू दे. हळूहळू तो यायचा बंद झाला. हळूहळू त्याचं हसणंही कमी झालं, ते माझ्या लक्षात आलं. माणसाच्या स्वभावाबद्दल तुमच्या त्या प्रसंगवाल्या पंथाचं काही खरं असावं.

गेल्या आठवड्यात मी गोदामाचा एक मोठा काटा तपासून त्याच्याकडे पाठवला. अशा काट्यावर वजन नुसतं मधोमध ठेवून भागत नाही, चारही कोपऱ्यांवर ठेवून बघावं लागतं. हे हसऱ्याला मीच शिकवलं, आरडाओरडा करून. थोड्या वेळानं तो काटा ढकलगाडीवर परत आला. पाटावर खडूनं फुली. सगळे हातातली कामं सोडून बघायला लागले.

"उस्ताद, मागचा डावा कोपरा," हसऱ्या म्हणाला. चेहऱ्यावर हसू नाही की घाबरणं नाही. जसा मी म्हणतो तसा म्हणाला.

"मी पास केलेला काटा परत येत नाही," मी म्हणालो.

"हो, उस्ताद. मीच लिहिलंय ते."

माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. 'ठेव इथे' एवढंच म्हणालो. तो गेल्यावर वजन उचलून मागच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं. काटा कमी दाखवत होता. पुन्हा ठेवलं. कमीच. खारूताई, मी तीनच कोपरे तपासले होते. चौथ्याच्या वेळी मी मनात 'निर्विवाद' की 'सर्वश्रुत' करत होतो.

दुरुस्त केला. पुसायला घेतला. इतका राग होता की काय करतोय याचं भान नव्हतं. मागून आवाज आला, "उस्ताद, फडकं."

बघतो तर मी गोल फिरवत होतो.

काटा त्यानं पुन्हा तपासला, चारही कोपरे, आणि शिसं दाबलं. चिन्ह त्याचं उमटलं. साधी उभी रेघ आहे, एवढीशीही कल्पकता नाही. पण दाबलं मात्र बरोबर, कडेला शिसं पसरलं नाही. ते मी त्याला सांगितलं नाही.

घरी येऊन अर्ज खिशातून काढला आणि फाडला. सारखे चार तुकडे. मामी म्हणाली, "अहो, विचार तरी करा." मी म्हटलं, पुन्हा चाचणी झाली तर हसऱ्या स्वतःची उत्तरं लिहील आणि मी माझी. त्या जागेला दोघंही लागणार नाहीत. तिला ते पटलं, याचं मला वाईट वाटलं.

तू टाचण्या लावतेस ते चांगलंच आहे. कोपऱ्यापासून सारख्या अंतरावर लाव. ताईला सांग, कापड हसऱ्यालाच दे.

आणि तुमच्याकडे माझा कागद अजून असेल तर एक कर. मोठ्या बाईंची परवानगी घेऊन कर, मागच्यासारखं नको. चूक दाखवल्यावर राग येतो का, त्या एकतिसाव्या प्रश्नाचं माझं उत्तर दुरुस्त करून घे. राग येतो. फार येतो. पण मी ती पुन्हा तपासून बघतो. माझी बाकीची उत्तरं हसऱ्यानं त्याच्या कागदावर लिहिली आहेत, ती तशीच राहू देत.

तुझा मामा